बाळंतपणात सिस्टरची साथ: कशी मागावी, कशी घ्यावी

घरात बाळंतपण आलं की तयारीला तोटा नसतो. दुपटी, झबली, टोपडी शिवून होतात, अळीव-डिंक आणून ठेवला जातो, दवाखाना कोणता आणि डॉक्टर कोण यावर चार-चारदा बोलणं होतं. पण पहिल्या बाळंतपणात दहा-बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ जिच्या देखरेखीत काढायचा, त्या प्रसूतिकक्षातल्या सिस्टरचा विचार या तयारीत क्वचितच होतो. डॉक्टर तपासून जातात, अडचण आली की धावत येतात. मधला सगळा वेळ बाळाचे ठोके ऐकणारी, कळा मोजणारी, कंबर दाबून देणारी आणि धीर देणारी सिस्टरच असते.

मी प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून काम केलं आहे. त्या कामातून पटलेली एक गोष्ट या लेखात सांगायची आहे. कळा सोसणाऱ्या बाईजवळ तिला धीर देणारं माणूस असणं हा उपचाराचाच भाग आहे. तो कुणाच्या स्वभावावर किंवा नशिबावर सोडून चालत नाही. तो मागावा लागतो, त्याची आधीपासून तयारी करावी लागते, आणि सिस्टरला तो देता यावा म्हणून घरच्यांनीही हातभार लावावा लागतो.

धीर हा उपचार का आहे

गर्भपिशवीला कळा येतात त्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे. बाई घाबरली, तिला लाज वाटली, कुणी तिच्यावर खेकसलं की शरीरात अॅड्रेनालिन वाढतं आणि कळांची लय बिघडू शकते. अंग आखडतं, श्वास उथळ होतो, दुखणं अधिक जाणवतं. म्हणजे भीतीचा परिणाम मनापुरता राहत नाही, तो प्रसूतीच्या वेगावर आणि वेदनेवरही होतो.

याला भक्कम पुरावा आहे. १९८० साली ग्वाटेमालातल्या एका अभ्यासात, कळा येत असताना शेजारी बसून धीर देणारी एक साधी बाई मिळालेल्या पहिलटकरणींची प्रसूती एकट्या राहिलेल्या बायकांपेक्षा बरीच लवकर झाली. पुढे अनेक देशांत असे अभ्यास झाले. २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा २६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत पंधरा हजारांहून जास्त बायका होत्या. ज्यांना सलग सोबत मिळाली, त्यांच्यात नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण जास्त दिसलं. सिझर आणि चिमटा-व्हॅक्यूमची गरज कमी लागली, प्रसूतीचा वेळ कमी झाला आणि बाळंतपणाची कटू आठवण घेऊन घरी जाणाऱ्या बायकाही कमी होत्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीकाळातल्या काळजीबद्दल ५६ शिफारशी दिल्या. त्यांच्या अगदी सुरुवातीला सन्मानाची वागणूक, समजेल असं बोलणं आणि तिच्या पसंतीची सोबत या तीन गोष्टी आहेत. २०२० मध्ये संघटनेने प्रसूतीच्या नोंदीसाठी नवा तक्ता आणला. सोबतीला कुणी आहे का, वेदना कमी करायला काय केलं, तोंडाने पाणी घेतलं का, ती कोणत्या स्थितीत आहे, हे चार रकाने त्या तक्त्यात बाळाच्या ठोक्यांच्याही आधी येतात. सिस्टरने या गोष्टी विचारणं ही मेहेरबानी नाही, तिच्या कामाचाच तो भाग आहे.

आठव्या महिन्यापर्यंत उरकायची कामं

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. त्यामुळे नऊ महिने तपासणी एका गावात आणि प्रसूती दुसऱ्या गावात, असं होतं. नवा दवाखाना, अनोळखी सिस्टर आणि हातात अर्धवट फाईल घेऊन मध्यरात्री पोहोचलेली पहिलटकरीण आम्ही सगळ्यांनी पाहिलेली असते. माहेरी जायचंच असेल तर आठव्या महिन्यातच जा, तिथल्या दवाखान्यात नाव घाला आणि एक तपासणी तिथे करून घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट, हिमोग्लोबिन, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट आणि आधीच्या बाळंतपणाचे कागद एकाच पिशवीत ठेवा. ऊसतोडीच्या हंगामात गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबांनी तर हे कार्ड जिवापाड जपावं. कारखान्याच्या परिसरातल्या दवाखान्यातल्या सिस्टरला तुमच्याबद्दल जे काही कळणार, ते त्या कार्डावरूनच.

दुर्गम आदिवासी भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ ही सोय आहे. तारीख जवळ आली की गरोदर बाईने नातेवाइकासह तिथे येऊन राहायचं. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला म्हणून अडकून पडण्याची वेळ येत नाही, आणि प्रसूतीआधीच सिस्टरशी ओळख होते. आपल्या भागात अशी सोय आहे का, हे आशाताईंना विचारा.

शक्य असेल तर प्रसूतिकक्ष आधी पाहून या. सगळ्या ठिकाणी आत सोडणार नाहीत, पण विचारायला हरकत नाही. नाही सोडलं तरी तपासणीच्या दिवशी सिस्टरला हे प्रश्न जरूर विचारा:

- कळा सुरू असताना माझ्यासोबत कुणी थांबू शकेल का? कोण?
- मला फिरता येईल का, बसता येईल का? पाणी, चहा, पेज घेता येईल का?
- टेबलांमध्ये पडदे आहेत का?
- दुखणं कमी करायला इथे काय काय करता येतं?
- रात्री डॉक्टर दवाखान्यात असतात की बोलवावे लागतात? गुंतागुंत झाली तर कुठे पाठवता?

हे प्रश्न विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. आधी विचारून, समजून आलेल्या बाईची प्रसूती करणं सिस्टरलाही सोपं जातं.

सोबतीला कोण, आणि तिने काय करायचं

फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी दवाखान्यांमध्ये प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली. ती नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी. जिथे प्रत्येक बाईसाठी आडोशाची नीट व्यवस्था आहे, तिथे नवऱ्यालाही थांबता येतं. सोबतिणीला संसर्गजन्य आजार नसावा, तिने स्वच्छ कपडे घालावेत, इतर बायकांच्या टेबलाकडे जाऊ नये आणि उपचारात ढवळाढवळ करू नये, अशा साध्या अटी आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिकक्षांची गुणवत्ता तपासताना सन्मानाची वागणूक आणि सोबत याही गोष्टी पाहिल्या जातात.

सोबतीण निवडताना मान कुणाचा मोठा हे पाहू नका. गरोदर बाईला कुणाजवळ रडायला संकोच वाटत नाही, ते पाहा. कुणाला आई हवी असते, कुणाला मोठी जाऊ, तर कुणाला बहीण. आई लेकीच्या कळा पाहून स्वतःच कोसळत असेल, तर तिला बाहेर बसवून मावशीला आत पाठवणं शहाणपणाचं. हा निर्णय गरोदर बाईचा आहे, घराने तो मानावा.

आत गेल्यावर सोबतिणीची कामं ठरलेली असतात. तिच्या डोक्याशी उभं राहायचं, टेबलाच्या पायथ्याशी नाही. कळ आली की हात धरायचा, तिच्यासोबत सावकाश श्वास घ्यायचा आणि सोडायचा. कळ गेली की घोटभर पाणी द्यायचं, ओल्या फडक्याने तोंड पुसायचं. कंबर दुखत असेल तर माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर तळहात ठेवून कळ असेपर्यंत घट्ट दाबून धरायचं. कसं दाबायचं ते सिस्टर दाखवते, एकदा जमलं की बाईला त्याने फार आराम पडतो. दर दोन तासांनी लघवीला जायची आठवण करायची, कारण भरलेल्या मूत्राशयामुळे बाळाचं डोकं खाली सरकायला अडथळा येतो. मोबाईल बाहेर ठेवायचा. ‘माझ्या वेळी तर अमुक झालं होतं’ अशा कहाण्या तिथे सांगायच्या नाहीत.

एका सिस्टरकडे एकाच वेळी तीन-चार बायका असणं आपल्या दवाखान्यांत नवीन नाही. एकीचं बाळ बाहेर येत असताना दुसरीच्या उशाशी बसणं तिला शक्य नसतं. म्हणून सोबतीण ही सिस्टरची मदतनीस आहे, दोघींनी एकमेकींना तसंच वागवावं.

घरून केव्हा निघावं

खोट्या कळा अनियमित असतात, विश्रांती घेतली किंवा थोडं चाललं की ओसरतात. खऱ्या कळा ठरावीक वेळाने येतात, कमरेतून पोटाकडे सरकतात, हळूहळू लांबतात आणि दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं. पहिलटकरीण असेल आणि तासभर दर पाच मिनिटांनी कळ येत असेल तर निघावं. दुसरं-तिसरं बाळंतपण झपाट्याने पुढे जातं, तेव्हा त्याहून लवकर निघावं. दवाखाना लांब असेल तर वाट पाहूच नये.

कळा नसल्या तरी ताबडतोब निघावं अशी लक्षणं: अंगावरून रक्त जाणं, पाणमोट फुटणं आणि विशेषतः पाण्याचा रंग हिरवट असणं, बाळाची हालचाल कमी होणं, खूप डोकं दुखणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणं, झटके, ताप, आणि ३७ आठवड्यांच्या आत सुरू झालेल्या कळा. गरोदर बाईला नेण्यासाठी १०२ आणि तातडीच्या प्रसंगी १०८ या क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका मिळते.

लवकर दवाखान्यात गेल्यावर ‘अजून वेळ आहे, घरी जाऊन या’ असं सिस्टर म्हणाली तर ती टाळतेय असं समजू नका. गर्भपिशवीचं तोंड साधारण पाच सेंटिमीटर उघडल्यावर प्रसूतीचा वेग वाढतो. त्याआधीचा काळ एक-दोन दिवसही चालू शकतो, आणि तो घरच्या वातावरणात जास्त सुसह्य होतो. मात्र घर लांब असेल, रात्र असेल, आधी सिझर झालं असेल किंवा काही धोका सांगितलेला असेल तर ‘आम्ही इथेच थांबतो’ असं स्पष्ट सांगा.

प्रसूतिकक्षात काय अपेक्षा ठेवावी

चांगली सिस्टर आल्या आल्या आपलं नाव सांगते, तुमचं नाव विचारते आणि त्याच नावाने हाक मारते. ‘ए चार नंबर’ असं पुकारत नाही. काहीही करण्याआधी काय करणार ते सांगते. आतून तपासण्यापूर्वी विचारते, पडदा ओढते, कळ ओसरण्याची वाट पाहते आणि तपासून झाल्यावर किती प्रगती झाली ते सांगते. सगळं व्यवस्थित असेल तर अशी तपासणी चार तासांनी एकदा पुरते. बाळाचे ठोके मात्र दर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि बाळ बाहेर येण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी ऐकायचे असतात. ‘ठोके छान आहेत’ हे वाक्य प्रत्येक वेळी मोठ्याने म्हटलं की त्या बाईच्या अंगातला अर्धा ताण उतरतो. सिस्टर बोलली नाही तर तुम्ही विचारा.

पहिल्या प्रसूतीत पाच सेंटिमीटरपासून पूर्ण दहा सेंटिमीटर उघडायला बारा तासांपर्यंत आणि पुढच्या प्रसूतींत दहा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हिशेब आता धरत नाहीत. बाई आणि बाळ दोघं ठीक असतील तर केवळ घाईपोटी कळा वाढवण्याचं सलाईन लावण्याचं कारण नसतं. तसं सलाईन लावलं तर ते का लावलं हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

या काळात पाठीवर उताणं पडून राहू नका. भरलेल्या गर्भपिशवीचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, बाईला गरगरतं आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. फिरा, कॉटच्या कडेला धरून पुढे वाका, उकिडवं बसावंसं वाटलं तर बसा, थकलात तर डाव्या कुशीवर पडा. धोका नसलेल्या बाईने पाणी, सरबत, पेज असं हलकं घ्यायला हरकत नाही. पोटात काही नसेल तर शेवटच्या टप्प्यात जोर लावायला अंगात ताकद उरत नाही. कोमट पाण्याची अंघोळ, कमरेला शेक, मालिश यांनी दुखणं सुसह्य होतं. मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत कण्यातून वेदनाशामक देण्याचीही सोय असते. दुखणं सोसवत नाही म्हणून औषध मागणं हा कमकुवतपणा नाही.

सरसकट एनिमा देणं, सगळे केस काढणं आणि प्रत्येक पहिलटकरणीला कात्रीचा छेद देणं आता आवश्यक मानत नाहीत. बाळ बाहेर यावं म्हणून पोटावर जोराने दाबणं तर करूच नये.

शब्दही जपून वापरायचे असतात

बाळंतपणात ऐकलेले शब्द बाई जन्मभर विसरत नाही. ‘तेव्हा कळलं नाही का?’, ‘एवढं ओरडायला काय झालं?’, ‘तूच एकटी बाळंत होतेस का?’ ही वाक्यं आपल्याकडे कित्येक प्रसूतिकक्षांत उच्चारली गेली आहेत. कधी मांडीवर चापटही बसते. यात शिस्त नाही आणि उपचारही नाही. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीवेळच्या अशा अपमानाविरुद्ध स्वतंत्र निवेदन काढून हा बाईच्या हक्कांचा भंग असल्याचं म्हटलं आहे.

मग सिस्टरने आणि सोबतिणीने काय बोलावं? ‘ही कळ आता ओसरतेय, बघ.’ ‘ओरडावंसं वाटतंय तर ओरड, मग श्वास सोड.’ ‘मी पाच मिनिटं शेजारच्या टेबलाकडे जाते आणि परत येते.’ आणि तेवढ्या वेळात खरंच परत यायचं. ‘काही होत नाही, घाबरू नकोस’ असं नुसतं म्हणण्यापेक्षा आता काय चाललंय आणि पुढे काय होणार ते सांगितलं तर भीती लवकर कमी होते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारकडे भिल्ली बोलणाऱ्या बायका येतात. ‘श्वास घे’, ‘जोर लाव’, ‘थांब’, ‘पाणी हवं?’ एवढे शब्द जरी त्यांच्या भाषेत शिकून घेतले तरी ती बाई सिस्टरच्या डोळ्यांकडे पाहू लागते.

गरोदर बाईनेही काही वाक्यं मनाशी ठरवून ठेवावीत. ‘सिस्टर, तपासण्याआधी सांगाल का?’, ‘मला कुशीवर व्हायचंय’, ‘हे इंजेक्शन कशाचं?’, ‘माझ्या आईला आत बोलवाल का?’ कळांमध्ये सुचत नाही, म्हणून ही वाक्यं सोबतिणीलाही माहीत असू द्या. मागणी करताना आवाज चढवायची गरज पडत नाही. नाव घेऊन, नजर मिळवून केलेली विनंती बहुतेक सिस्टर ऐकतात.

बाळ येताना आणि पहिला तास

तोंड पूर्ण उघडलं की खाली जोर येतो. तो आपसूक आला की लावायचा. पहिलटकरणीला या टप्प्यात तीन तासांपर्यंत वेळ लागू शकतो. डोकं दिसू लागलं की सिस्टर ‘आता जोर नको, फुंकर मार’ असं सांगते, तेव्हा तिचं ऐका. डोकं सावकाश बाहेर आलं तर फाटण्याचं प्रमाण कमी होतं. त्या क्षणी तिच्या आवाजावर लक्ष ठेवणं ही तुमच्या हातातली सगळ्यात मोठी मदत आहे.

बाळ रडलं, सगळं ठीक आहे, की त्याला कोरडं करून थेट आईच्या उघड्या छातीवर ठेवावं आणि वरून दोघांना पांघरावं. नाळ निदान एक मिनिट थांबून कापावी, बाळाला तेवढं जास्त रक्त मिळतं. आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं जातं, त्याने वार पडल्यानंतरचा रक्तस्राव आटोक्यात राहतो. पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्यावं. पिवळसर घट्ट चीक टाकून देऊ नये. मध, गुळाचं पाणी, गुटी काही चाटवू नये. अंघोळ निदान एक दिवस लांबवावी. यातलं काही होत नसेल तर सोबतिणीने आठवण करून द्यावी: ‘सिस्टर, बाळाला छातीवर देता का?’

पहिले दोन तास आईला डोळ्याआड करू नका. सगळं घर बाळाभोवती जमतं आणि रक्तस्राव त्याच वेळात होतो. सिस्टर पोट दाबून गर्भपिशवी कडक झाली आहे ना ते पाहते, ते दुखलं तरी करू द्या. पॅड भराभर भिजत असेल, बाई पांढरीफटक पडली, गरगरतंय म्हणाली, तर बोलवायला संकोच करू नका.

मुलगी झाली तर

मुलगी झाली हे कळल्यावर आई सगळ्यात आधी सासूच्या किंवा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहते. त्या चेहऱ्यावर काय दिसतं त्यावर तिचं दूध, तिची झोप आणि तिचं मन अवलंबून असतं. आत येणाऱ्या प्रत्येकाने पहिला प्रश्न ‘तू कशी आहेस?’ हा विचारावा. सिस्टरनेही बातमी आनंदाने द्यावी, ‘मुलगीच झाली’ या सुरात नाही.

सिझर, आजारी बाळ आणि न राहिलेलं बाळ

नैसर्गिक प्रसूतीची तयारी करून आलेल्या बाईला अचानक सिझरसाठी न्यावं लागतं तेव्हा ती बावरते, काहींना हरल्यासारखंही वाटतं. कारण काय ते दोन वाक्यांत सांगावं, सहीचा कागद वाचून दाखवावा, आणि शस्त्रक्रियेनंतर बाळाला शक्य तितक्या लवकर तिच्या गालाशी न्यावं. सिझर झालेली बाई त्याच मायेची हकदार आहे.

बाळाला नवजात अतिदक्षता कक्षात हलवलं तर आईला खरी परिस्थिती सांगा. ‘बाळ झोपलंय’ असं खोटं बोलल्याने तिचा सगळ्यांवरचा विश्वास उडतो. तिला उठता आलं की बाळ दाखवायला न्या, दूध काढून पाठवायला सिस्टरकडून शिकून घ्या.

बाळ वाचलं नाही तर बहुतेक जण आईला काही न दाखवता, न सांगता सगळं उरकून टाकतात. हेतू चांगला असतो, पण तिला काय हवं ते कुणी विचारत नाही. बाळ पाहायचं आहे का, जवळ घ्यायचं आहे का, हे विचारा आणि तिचं उत्तर माना. तान्ह्या बाळांच्या शेजारी तिची कॉट ठेवू नका. ‘तरुण आहेस, पुढच्या वर्षी होईल’ असं म्हणू नका. दोन-चार दिवसांनी तिला दूध येतं, त्याची कल्पना आधी द्या आणि काय करायचं ते सांगा. सिस्टरने शेजारी बसून ‘मला फार वाईट वाटतंय’ एवढं म्हटलं तरी ते त्या बाईजवळ कायम राहतं.

वागणूक चांगली नसेल तर

आधी ड्यूटीवरच्या इनचार्ज सिस्टरशी शांतपणे बोला. तरीही फरक पडला नाही तर वैद्यकीय अधिकारी किंवा अधीक्षक यांच्याकडे लेखी द्या, तारीख आणि वेळ लिहा. आरोग्य विभागाच्या १०४ या क्रमांकावरही सांगता येतं. जून २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात सिझरसह प्रसूती, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडण्याची गाडी हे सगळं मोफत आहे. ‘खुशी’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि जिने रात्रभर साथ दिली, त्या सिस्टरचं नाव लिहून तिच्या वरिष्ठांना एक पत्र मात्र जरूर द्या. चांगल्या कामाची नोंद फार कमी होते.

नव्याने रुजू झालेल्या सिस्टरांना

हातांना कामाचा सराव दोन वर्षांत होईल. मायेचं बोलणं मात्र प्रत्येक ड्यूटीला नव्याने ठरवून करावं लागतं, कारण थकवा, अपुरं मनुष्यबळ आणि वरिष्ठांची भाषा हे सगळं त्याच्या विरोधात असतं. सोबतीण ठेवण्याचा आग्रह धरा, तुमचंच काम हलकं होईल. पडदा नसेल तर लेखी मागा. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रसविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचं खास प्रशिक्षण आहे, नैसर्गिक आणि सन्मानाच्या प्रसूतीवर त्याचा भर आहे. संधी मिळाली तर सोडू नका.

ज्या घरात येत्या काही महिन्यांत बाळंतपण आहे, त्यांनी आज एवढं करावं: सोबतीण कोण असेल ते त्या बाईलाच विचारा, तिचं नाव फाईलच्या पहिल्या पानावर लिहा, आणि पुढच्या तपासणीला दोघींनी मिळून जाऊन सिस्टरची ओळख करून घ्या. कळा सोसणारी कोणतीही बाई एकटी राहू नये, ही जबाबदारी दवाखान्याची आहे आणि तितकीच आपल्या घराचीही.